केसपेपर कोणाचा?

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढून टाकली जात असल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजार ८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. मुकादमाकडून घेतलेली उचल नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, फेडावयाची असते. एका दिवसाचा खाडा पडला की मजुरी बुडतेच, वर दंडही बसतो. अशा बाईच्या पाळीच्या त्रासावर औषधोपचार करीत बसण्यापेक्षा ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला खाजगी डॉक्टरला किफायतशीर वाटला आणि तिलाही सुटकेचा वाटला, यात नवल करण्यासारखे काही नाही.

या प्रकरणातला एक साधा प्रश्न मात्र फारसा कोणी लावून धरला नाही. त्या शस्त्रक्रियांचे कागद कोठे आहेत? कोणत्या तपासणीच्या आधारे, कोणाच्या सहीने, तिशीच्या बाईचे गर्भाशय काढावयाचे ठरले? मूळ कागद ज्या रुग्णालयाने शस्त्रक्रिया केली त्याच्याच कपाटात. बाईच्या हाती फार तर एक डिस्चार्ज कार्ड; तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोल्हापूर-सांगलीच्या फडावर नेलेले, पालात भिजलेले, किंवा गावाकडच्या पेटीत राहून गेलेले. पुढे सहा महिन्यांनी ती शिरोळच्या किंवा वाळव्याच्या डॉक्टरसमोर बसते तेव्हा तिचा देह त्या डॉक्टरला कोऱ्या पाटीसारखा असतो. पुन्हा तीच सोनोग्राफी, पुन्हा तेच रक्त, पुन्हा तोच खर्च. आणि उद्या कोणी न्याय मागावयाचा ठरविले, तर पुरावा ज्याच्याविरुद्ध न्याय मागावयाचा त्याच्याच ताब्यात!

म्हणून रोग्याची नोंद रोग्याबरोबर फिरली पाहिजे, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात विनासायास आणि विनाधोका पोचली पाहिजे, ही मागणी शहरी हौशी लोकांची नव्हे. स्थलांतर करणाऱ्या, कंत्राटावर राबणाऱ्या, आज एका मालकाकडे आणि उद्या दुसऱ्याकडे जाणाऱ्या माणसाइतकी तिची निकड दुसऱ्या कोणालाच नाही. ज्याचा घरचा डॉक्टर तीन पिढ्या एकच आहे, त्याचा केसपेपर डॉक्टरच्या डोक्यातच असतो.

केंद्र सरकारचे म्हणणे असे की ही मागणी पुरी झाली आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग करून २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत’ हे नाव जोडून ते देशभर सुरू करण्यात आले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येक नागरिकाला ‘आभा’ नावाचा चौदा अंकी क्रमांक मिळावयाचा. २०२५ च्या प्रारंभीच असे ७३ कोटींहून अधिक क्रमांक वाटून झाल्याचे सरकारने सांगितले.

या योजनेची रचना टाकाऊ आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती नीट समजून घेतल्याशिवाय तिच्यावर टीका करणाऱ्यांनी तिच्या समर्थकांचेच काम सोपे केले आहे. रोग्याच्या साऱ्या नोंदी दिल्लीतील एखाद्या प्रचंड कोठारात गोळा होतात, हा समज चुकीचा आहे. नोंद जेथे तयार झाली तेथेच, त्या रुग्णालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या संगणकात, राहते. दुसऱ्या दवाखान्याला ती हवी असेल तर तो मागणी करतो; मागणी ‘संमती व्यवस्थापक’ नावाच्या मध्यस्थाकडे जाते; तो रोग्याच्या फोनवर विचारणा करतो. कोणती नोंद, कशासाठी आणि किती मुदतीपुरती द्यावयाची हे रोग्याने ठरवावयाचे. त्याने होकार दिला की पहिले रुग्णालय नोंद सांकेतिक लिपीत कुलूपबंद करून धाडते आणि ज्याने मागितली त्याच्याकडेच ते कुलूप उघडते. मधल्या मध्यस्थाला आत काय आहे ते दिसत नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकप्रणालींना एकमेकींचे कागद वाचता यावेत म्हणून ‘फायर’ या आंतरराष्ट्रीय नमुन्यात नोंदी बांधावयाच्या, असेही ठरले आहे. कागदावर हे सारे चांगले आहे. कित्येक श्रीमंत देशांत जुन्या प्रणालींच्या ओझ्याखाली इतकी स्वच्छ आखणी जमलेली नाही.

तेव्हा वाद कुलपाच्या बनावटीचा नाही. प्रवासात पत्र कोणी फोडू नये याची व्यवस्था झाली आहे. परंतु पत्र लिहिणारा, पत्र घेणारा, आणि ज्याच्याविषयी पत्र आहे तो, या तिघांपैकी तिसऱ्याच्या हाती काय आले? सरकार ‘सुरक्षित’ हा शब्द उच्चारते तेव्हा ते फक्त रस्त्याविषयी बोलत असते. लूटमार रस्त्यावर क्वचितच होते. ती होते दोन्ही टोकांच्या घरांत.

पहिले टोक म्हणजे केसपेपरची खिडकी. ग्रामीण रुग्णालयात सकाळी नऊ वाजता खिडकीपाशी जी रांग असते, तिच्यातील माणसाच्या संमतीची कल्पना करून पाहावी. तापाने फणफणलेले मूल कडेवर, मागे चाळीस माणसे, आणि खिडकीतला कर्मचारी म्हणतो, “आधार द्या, फोनवर आलेला आकडा सांगा.” आकडा सांगितला की संमती झाली. नाही म्हणण्याचा अधिकार धोरणात लिहिलेला आहे; योजना ऐच्छिक आहे असे दर पानावर छापलेले आहे. पण ज्या खिडकीतून औषध मिळावयाचे त्याच खिडकीतून संमती मागितली जाते, तेव्हा नकाराची किंमत किती असते हे रेशनच्या दुकानात अंगठा न उमटलेल्या म्हाताऱ्यांना विचारावे. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. बाईच्या गर्भपाताच्या, मानसिक उपचाराच्या, गुप्तरोगाच्या नोंदीवरची संमती मग कोणाच्या अंगठ्याखाली जाते? संगणकशास्त्राने यावर उत्तर शोधलेले नाही, कारण हा प्रश्न संगणकशास्त्राचा नाहीच.

संमतीला राज्यकर्ते स्वतः किती मानतात याचे प्रात्यक्षिक २०२१ साली होऊन गेले. कोविडच्या लसीसाठी ज्यांनी आधार क्रमांक दिला, त्यांतील अनेकांचा आरोग्य क्रमांक त्यांना न विचारता तयार झाला. लसीच्या प्रमाणपत्रावर छापलेले चौदा आकडे पाहून त्यांना तो कळला. लस टोचून घ्यावयास आलेल्या माणसाकडून परस्पर दुसरीच गोष्ट उरकून घेणे याला संमती म्हणत असतील, तर उचल देताना कोऱ्या कागदावर अंगठा घेणारा मुकादमही संमती व्यवस्थापकच म्हणावा लागेल.

आणि जी नोंद होते तिची प्रत काय? महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल आयुष्मान भारत विमा योजनेविषयी सांगतो की तब्बल ७ लाख ४९ हजार लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले होते, आणि तो क्रमांक म्हणजे नऊ हा अंक दहा वेळा. कर्मचारी लबाड होते असा याचा अर्थ नाही. रकाना भरल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही आणि समोरच्या माणसाकडे फोन नाही, तेव्हा कर्मचारी बोटाला सापडेल तो आकडा दाबतो. यंत्राने माणसाला असलेल्या वस्तुस्थितीची नोंद करू दिली नाही, म्हणून माणसाने यंत्राला हवी ती वस्तुस्थिती बनवून दिली. ज्या क्रमांकावर संमतीची विचारणा जावयाची, तो असा असेल तर बाकीच्या कुलपांची चर्चा कशाला?

शिवाय खिडकीवरच्या या घाईला पैशाचेही वंगण आहे. जानेवारी २०२३ पासून केंद्राने जी प्रोत्साहन योजना लागू केली, तिच्याखाली ठराविक संख्येच्या वर नोंदी आभाशी जोडणाऱ्या रुग्णालयाला आणि प्रयोगशाळेला दर नोंदीमागे ठराविक रक्कम देण्याचे ठरले. संगणकप्रणाली पुरविणाऱ्या कंपनीलाही वाटा आहे. नोंद रोग्याची, बक्षीस रुग्णालयाचे! आणि हे सारे चालविणारे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण हेच आयुष्मान भारत विमा योजनेची बिलेही चुकविते. कोणाच्या उपचाराचे पैसे द्यावयाचे आणि कोणाचे नाकारावयाचे हे ज्या घरात ठरते, त्याच घरात रोग्याच्या संमतीची किल्ली टांगलेली असावी, यात कोणालाच काही वावगे वाटू नये, ही नोकरशाहीच्या दृष्टीची कमाल आहे.

दुसरे टोक म्हणजे रुग्णालयाचा संगणक. नोंदी एका ठिकाणी नसल्यामुळे त्या सुरक्षित आहेत, हा सरकारचा आवडता युक्तिवाद. एका कोठारापेक्षा हजार कपाटे बरी, हे खरे. पण मग हजार कपाटांच्या कुलपांची जबाबदारी हजार ठिकाणी गेली, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी पगारी संगणकतज्ज्ञ सोडाच, संगणकाचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटविलेला असतो. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई परिसरातील एका पॅथॉलॉजी लॅबच्या संकेतस्थळावर हजारो रोग्यांचे तपासणी अहवाल उघडे पडलेले आढळले. त्यांत एचआयव्हीच्या चाचण्याही होत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये एका जर्मन सुरक्षासंस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली. एक्स-रे, सीटी स्कॅन वगैरेंच्या प्रतिमा साठविणारे किती सर्व्हर कोणत्याही कुलपाशिवाय जगाला उघडे आहेत, याची ती मोजणी होती. भारतीय राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला लागला: तीन लाखांहून अधिक नोंदसंच आणि जवळजवळ सात कोटी प्रतिमा. चोरी करावयाचीही गरज नव्हती. दार लोटले की आत.

मोठ्या घराचीही कथा वेगळी नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर खंडणीखोरांनी बंद पाडले. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. कारण दिले ते संस्थेच्या अंतर्गत जाळ्याची नीट विभागणी नसल्याचे. सुमारे दोन आठवडे देशातील पहिल्या क्रमांकाच्या रुग्णालयात केसपेपर हाताने लिहिले गेले. कुलूप लावण्याची विद्या चोरालाही येते, एवढा धडा त्यातून मिळाला. आणि कुलूपबंद करून पाठविलेली नोंद ज्या रुग्णालयात पोचून उघडली, तेथे ती उघडीच असते. संमतीची मुदत संपल्यावर तिने तेथून जावे असे धोरण म्हणते. ती गेली की नाही हे पाहावयास कोण जातो? कोणत्या संस्थेने नोंद मागितली ते रोग्याला त्याच्या फोनवर दिसते. त्या संस्थेतील कोणत्या माणसाने ती किती वेळा उघडली, कोणाला दाखविली, याचा त्याला पत्ता नसतो.

असे काही घडले तर रोग्याने दाद कोठे मागावयाची? येथे खरे दुखणे आहे. केंद्राच्याच आरोग्य खात्याने २०१८ साली आरोग्यविषयक माहितीच्या संरक्षणाच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला होता. तो बासनात गेला. सर्वसाधारण कायदा येतो आहे, वेगळा कशाला, असे सांगण्यात आले. तो सर्वसाधारण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आला. २०११ च्या जुन्या नियमांत शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती आणि वैद्यकीय नोंदी यांना ‘संवेदनशील’ म्हणून वेगळे स्थान होते. २०१८ आणि २०१९ च्या विधेयकांतही ते होते. नव्या कायद्यात ते नाही. रोग्याची एचआयव्ही चाचणी आणि त्याने दुकानात दिलेला फोन क्रमांक, दोन्ही एकाच तागडीत! माहिती फुटली तर कंपनीला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, याची जाहिरात फार झाली. तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला कवडीही नाही. उलट नुकसानभरपाई मागण्याची जी वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ या कलमात आहे, ती बुजविण्याची तरतूद या कायद्याने केली. आणि खोटी वा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले, तर तक्रारदाराला मात्र दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहा हजार म्हणजे ऊसतोड करणाऱ्या बाईच्या हंगामातले किती दिवस, याचा हिशेब कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

या कायद्याचे सातवे कलम कामगार संघटनांनी तरी डोळ्यांत तेल घालून वाचावयास हवे होते. संमतीवाचून माहिती वापरण्याची जी ‘वैध’ कारणे त्यात मोजली आहेत, त्यांत एक कारण नोकरीचे आहे: नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाला नुकसानीपासून वा दायित्वापासून वाचविण्यासाठी. दगडखाणीतल्या मजुराच्या फुप्फुसाचा एक्स-रे हा त्याच्या नुकसानभरपाईचा एकमेव पुरावा असतो. तोच एक्स-रे मालकाच्या हाती आधी पडला, तर भरपाई देण्याची वेळ येण्यापूर्वी त्याला कामावरून दूर करण्याचे निमित्त होतो. मालकाला दायित्वापासून वाचविणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते आणखी कसे सांगावयाचे? विमा कंपन्यांचीही तीच गोष्ट. दाव्यांचे कागद याच अभियानाच्या मांडणीवर फिरविण्याची व्यवस्था विमा नियामकाच्या सहकार्याने उभी राहिली आहे. दावा लवकर मिळणे चांगलेच. पण ‘आजार आधीपासून होता’ असे म्हणून दावा फेटाळणाऱ्यांच्या हाती माणसाच्या देहाचा इतिहास पडणार असेल, तर पॉलिसीच्या फॉर्मवर सातव्या पानावरची बारीक अक्षरातील संमती ही संमती मानावयाची का, हे आधी ठरले पाहिजे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम प्रसिद्ध झाले. माहिती बाळगणाऱ्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची सवलत मिळाली. माहितीच्या अधिकाराला कात्री लावणारे कलम मात्र तत्काळ लागू झाले! नागरिकाचे गुपित राखण्याची घाई नाही, सरकारचे राखण्याची आहे.

चळवळीतल्या काही जुन्या मंडळींना हा सारा प्रपंच परका वाटतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरचे इंजेक्शन नाही, डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतो, तेथे नोंदींच्या गोपनीयतेची चर्चा म्हणजे सुखवस्तू लोकांचा उद्योग, असे ते म्हणतात. त्यांच्या रागातला पहिला भाग रास्त आहे. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ या कोविडच्या वर्षीसुद्धा तो १.८४ टक्क्यांवरच होता. नोंद पाठविण्याची सोय आहे पण नोंद करण्याजोगा उपचार नाही, ही स्थिती अनेक तालुक्यांत आहे. पण त्यावरून गोपनीयता ही श्रीमंतांची चैन ठरत नाही. श्रीमंताचे गुपित त्याचा पैसा राखतो. तो खाजगी खोलीत दाखल होतो, टोपणनावाने तपासणी करून घेतो, फार झाले तर मुंबईचा इलाज सिंगापूरला करतो. गुपित फुटल्याने नोकरी जाते, लग्न मोडते, पाणवठ्यावर भांडे वेगळे ठेवावे लागते, ते गरिबाचे. एचआयव्हीबाधितांच्या संघटनांनी हे अनुभवाने ओळखले होते. त्यांच्या दीर्घ पाठपुराव्यामुळेच २०१७ चा कायदा झाला. बाधिताची स्थिती त्याच्या लेखी संमतीवाचून उघड करण्यास त्याने मनाई केली, नोकरीतील भेदभाव बेकायदा ठरविला आणि नोंदी राखणाऱ्या संस्थांवर त्या सुरक्षित ठेवण्याचे बंधन घातले. ते सारे एका रोगाच्या बाबतीत करता आले, ते इतरांच्या बाबतीत का नाही?

याच्या उलट टोकाला, हे संगणकाचे जाळेच नको, जुना कागद बरा, असे म्हणणारेही आहेत. कागदाची त्यांनी बांधलेली पूजा बीडच्या बाईने पाहिली तर ती हसेल. तिचा कागद कधी तिच्या मालकीचा नव्हताच. केसपेपरची प्रत मागितल्यास गोपनीयतेची सबब सांगता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने रहेजा प्रकरणात १९९६ साली बजावले. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी दिल्या पाहिजेत, असे वैद्यक परिषदेचे २००२ चे विनियम सांगतात. तरीही बिल थकले म्हणून कागद अडवून धरण्याची रीत चालूच आहे. रोग्याविरुद्ध गोपनीयता आणि विमा कंपनीपुढे पारदर्शकता, हे जुन्या कागदाच्या राज्यातही होतेच.

अन्य देशांनी काय केले हे पाहिले तर प्रश्न यंत्राचा नसून जबाबदारीचा आहे हे स्पष्ट होते. इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवा आहे, डॉक्टरांवर लोकांचा विश्वास आहे. तेथे घरच्या डॉक्टरांकडील नोंदी एकत्र करण्याची ‘केअर डॉट डेटा’ योजना आखली गेली आणि २०१४ च्या जानेवारीत घरोघरी पत्रके पाठविली गेली. पुष्कळांना ती मिळालीच नाहीत. पुढच्याच महिन्यात उघड झाले की त्याआधीच रुग्णालयांतील कोट्यवधी नोंदी विमा-गणितज्ञांच्या एका संस्थेपर्यंत पोचल्या होत्या. लोकक्षोभ असा उसळला की योजना थांबवावी लागली आणि जुलै २०१६ मध्ये ती गुंडाळली गेली. संशोधनाला उपयोगी पडली असती अशी एक योजना सरकारने लोकांना गृहीत धरल्यामुळे बुडाली.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्रावरचा तेरा-चौदा लाख वस्तीचा छोटा देश. तेथे २००८ पासून राष्ट्रीय आरोग्य माहिती व्यवस्था चालू आहे. डॉक्टर कोठेही असला तरी नोंद त्याच्यापर्यंत पोचते. पण नोंद कोणी केव्हा उघडली हे त्या नागरिकाला स्वतःला पाहता येते, आणि हवी ती नोंद तो बंद करून ठेवू शकतो. उगीच डोकावणाऱ्याला जाब विचारता येतो. तेरा लाखांचा देश आणि एकशे चाळीस कोटींचा देश यांची तुलना कशी करावयाची, असा प्रश्न येईल. संख्येने फरक पडतो तो यंत्राच्या आकारात. नोंद उघडणाऱ्याचे नाव रोग्याला दाखवावयाचे की नाही, हा निर्णय लोकसंख्येवर अवलंबून नाही. तो कोणाला कोणापुढे उत्तरदायी धरावयाचे यावर अवलंबून आहे.

महाराष्ट्राने स्वतःचा अनुभव तरी विसरू नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील संगणकीय नोंदव्यवस्था एका खाजगी कंपनीकडे होती. देयकांच्या वादात ती २०२२ साली बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. सार्वजनिक रुग्णालयाची स्मृती कंत्राटदाराच्या स्विचवर टांगलेली असते, याचा अर्थ रोगी त्या कंत्राटाचा ओलीस असतो. आणि या साऱ्या नोंदी खाली भरतो कोण? २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत राज्यातील आशा सेविका संपावर गेल्या, तेव्हा मोबदल्याबरोबर ऑनलाइन कामाचा बोजा हाही त्यांच्या तक्रारीचा विषय होता. घराघरातल्या बाईचा विश्वास ज्यांनी वर्षानुवर्षे चपला झिजवून मिळविला, त्यांच्याच हाती फोन देऊन तो विश्वास आकड्यांत बदलून घ्यावयाचा, आणि त्यांना कामगार म्हणून मान्यता मात्र द्यावयाची नाही!

म्हणून मागणी जाळे तोडण्याची नव्हे, जाळ्याचा मालक बदलण्याची असली पाहिजे. आरोग्याच्या नोंदींसाठी स्वतंत्र कायदा हवा आणि त्यात नुकसानभरपाई थेट रोग्याला मिळाली पाहिजे. मालक आणि विमा कंपनी यांना या नोंदी मागण्याचीच बंदी असली पाहिजे, मग रोग्याने ‘संमती’ दिलेली असो वा नसो, कारण उपाशी माणसाच्या संमतीला बाजारात काय भाव असतो हे जगजाहीर आहे. आभा क्रमांक नाही म्हणून कोणाला खिडकीवरून परत पाठविल्यास तो गुन्हा ठरला पाहिजे. संमतीची किल्ली बिले चुकविणाऱ्या प्राधिकरणाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे गेली पाहिजे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना नोंदीची छापील प्रत फुकट मिळाली पाहिजे, आणि सार्वजनिक रुग्णालयांची प्रणाली सार्वजनिक मालकीची, तिची देखभाल करणारे कर्मचारी कायम नोकरीचे. यांतील एकही गोष्ट तंत्रदृष्ट्या अवघड नाही.

कायदा होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती आहे, तिच्या बैठका होतात आणि पक्षाचे कार्यकर्ते अनेक ठिकाणी तिच्यावर सदस्य आहेत. पुढच्या बैठकीत त्यांनी तीन गोष्टी मागाव्यात: गेल्या वर्षात या रुग्णालयात काढलेल्या आभा क्रमांकांपैकी किती एकाच मोबाइल क्रमांकाला जोडले गेले, प्रोत्साहन योजनेचे किती पैसे आले आणि ते कशावर खर्च झाले, आणि क्रमांक देण्यास ज्यांनी नकार दिला त्यांची नोंद कोठे ठेवली जाते. तिसऱ्या प्रश्नावर अधीक्षकांनी वहीच नसल्याचे सांगितले, तर ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत मागावी.